न दिसणारा सांधा

साठी उलटलेल्या माणसाने नवी सायकल घ्यावी की नाही, या प्रश्नावर गेल्या वर्षी आमच्या घरी श्रावणभर खल चालला होता. सौ.चे म्हणणे असे की, या वयात माणसाने पायी देवळात जावे आणि पायीच परत यावे. चिरंजीवांचे म्हणणे, घ्यायचीच असेल तर विजेवर चालणारी घ्यावी. नातीचे म्हणणे एवढेच होते की, सायकलला मागे कॅरियर हवा. बहुमत उघडउघड माझ्या विरुद्ध होते. तरीही ठराव मंजूर झाला. कारण कॅरियरचे मत मी माझ्या बाजूने मोजले.

पण खरी अडचण पुढेच होती. चाळीस वर्षांपूर्वी शाळेच्या मुलांबरोबर अजिंक्यतारा उतरताना माझा डावा पाय मोडला. हाड जुळले, परंतु पाय सव्वा इंचाने आखूड राहिला. जमिनीवर चालताना हे वैगुण्य मी बुटाच्या टाचेत लपवतो. सायकलवर ते लपत नाही. उजवा पाय सुखात असतो आणि डावा पाय पायडल शोधत राहतो. सीट खाली घ्यावी तर उजवा गुडघा पोटाशी येतो. साताऱ्यातल्या दुकानदारांनी माझ्यापुढे चकचकीत सायकली उभ्या केल्या. पण त्या सगळ्या सरासरी माणसासाठी केलेल्या होत्या, आणि सरासरी माणूस मला आयुष्यात अजून कुठे भेटलेला नाही.

सांगलीला माझी मुलगी दिलेली आहे. जावईबापू एकदा सहज म्हणाले, "आमच्याकडे नदीजवळच्या बोळात एक मिस्त्री आहेत. ते माणूस बघून सायकल बांधतात." सायकल बांधतात! घर बांधतात, गाठोडे बांधतात, मोट बांधतात हे मला ठाऊक होते. सायकल बांधतात हे नव्याने ऐकले. मी दुसऱ्याच आठवड्यात सांगली गाठली.

दुकान म्हणजे एक पत्र्याची खोली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांपर्यंत चढले होते. त्या पुराची रेघ भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर होती, आणि मिस्त्रींनी ती पुसली नव्हती. रेघेखाली ऐरण, कानशी, पान्हे आणि एक जुना भाता. रेघेच्या वर देव. मी "बावीस इंची की चोवीस इंची" असे काहीतरी बोलू लागलो, तोच त्यांनी मला थांबवले.

"गुर्जी, सायकल किती इंची पायजे ते नका सांगू. तुम्ही किती इंची हाय ते आधी बघू."

मग त्यांनी एक सुतळी घेतली. माझे पाय, हात, खांदे मोजून तिला जागोजाग गाठी मारल्या, आणि ती सुतळी खिळ्याला अडकवून ठेवली. त्या खिळ्यावर अशा बऱ्याच सुतळ्या होत्या. प्रत्येक सुतळी म्हणजे एक माणूस.

तिथून जवळच मिरज. हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी तिथे एकोणिसाव्या शतकात सतारी आणि तंबोरे करू लागली. त्या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पुरुषाच्या आवाजाचा तंबोरा मोठा आणि बाईच्या आवाजाचा त्याहून लहान, हे आपल्याला सहज माहीत असते. पण घोडीवरची जवारी घासून घासून एकेका गळ्याच्या सुराला जुळवावी लागते, हे मला तिथे एका कारागिराकडे बसल्यावर समजले. तो एक हात घासत होता आणि चार वेळा ऐकत होता. गाणाऱ्याला तंबोरा जुळतो, मग बसणाऱ्याला सायकल का जुळू नये, असे मी मनाशी म्हटले, आणि मिस्त्रींकडे सायकल टाकली.

त्या सायकलला किती हात लागले ते सांगितले पाहिजे. सांगाड्याच्या नळ्या मिस्त्रींनी कापल्या, कानशीने एकमेकींना बेतल्या आणि पितळेने झाळल्या. मला पाय उचलून बसणे जमत नाही म्हणून मधला दांडा उतरता ठेवला. डावा क्रँक मिरजेच्या एका लेथवाल्याने पाऊण इंच आखूड करून दिला. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, म्हणून त्याला उलटा टॅप शोधत दोन दिवस हिंडावे लागले. उरलेला अर्धा इंच साताऱ्याच्या सुताराने भरून काढला. त्याने पायडलला शिसवी ठोकळा बसवला आणि उरलेल्या लाकडाच्या हँडलला मुठी केल्या. सीटचे कातडे हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेले. ज्या कोल्हापुरी चपलांना २०१९ मध्ये मानांकन मिळाले, त्यांच्या मुलखात सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे येतात. तेव्हा असे कातडे आणि ते शिवणारा हात मिळायला लांब जावे लागले नाही. पुढची टोपली बुरुडाने विणली.

मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, "म्हणजे सगळी सायकल हाताने झालेली!"

मिस्त्री हसले. "चेन कोण हातानं करतंय, गुर्जी? छर्रे, रिमा, टायर समदं बाहेरून येतंय. कारखान्यानं छर्रे नाय केले तर मी काय गोट्या बसवू?"

हे उत्तर मला तेव्हा थोडे लागले. आपल्या मनात हस्तकलेविषयी एक सोवळे असते. त्याला या माणसाने चेनचे वंगण लावले.

सोवळे बाळगण्यासारखा आपला इतिहासही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान सुरू केले. हवेचा टायर डनलॉपने त्याच साली आयर्लंडात सिद्ध केला, इतकी ती गोष्ट नवी होती. त्या वेळी एका सायकलला सातशे ते हजार रुपये पडत, आणि ती चालवायला शिकवण्याचे किर्लोस्कर पंधरा रुपये घेत. म्हणजे सायकल ही मामलेदाराची किंवा डॉक्टरची वस्तू होती. पुढे याच लक्ष्मणरावांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या हाती दिला. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी आधी त्याला शिवत नव्हता, असे सांगतात. स्वातंत्र्यानंतर लुधियान्याचे आणि इतर ठिकाणचे कारखाने सायकली काढू लागले तेव्हा कुठे ती दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या आणि शेवटी खेड्यातून हायस्कुलात येणाऱ्या मुलीच्या पायाखाली आली. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली या स्वस्त सायकलींनी शिकवल्या. मी फक्त हजेरी घेतली. सगळ्या सायकली जर सुतळीच्या गाठींवरून बांधायच्या असत्या, तर त्या मुली घरीच राहिल्या असत्या.

म्हणून हात चांगला आणि यंत्र वाईट, असे मी म्हणणार नाही. मला सांगायचे आहे ते वेगळेच, आणि त्यात माझी थोडी शोभा होणार आहे.

मिस्त्रींनी मजुरी आणि सामान धरून १४ हजार रुपये सांगितले होते, आणि मुदत दिवाळीच्या पाडव्याची. मी म्हणालो, ११ हजार, आणि दसऱ्याला हवी. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, दसऱ्याला वाहनाला झेंडूची माळ पडते. नवी सायकल त्या दिवशी दारात नसेल तर मजा काय? शिवाय घासाघीस केल्याशिवाय वस्तू घेणे म्हणजे आपण बावळट ठरणे, हा संस्कार माझ्यावर लहानपणीच झालेला. मिस्त्री बराच वेळ हातातली कानस फिरवत राहिले. मग म्हणाले, "बरं."

हा एक शब्द मी विजयाने खिशात घालून साताऱ्याला परतलो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी टेम्पोतून सायकल आली. आळी गोळा झाली. सौ.ने हळदकुंकू लावले, नातीने कॅरियरचा ताबा घेतला. मी पोवई नाक्यापर्यंत जाऊन आलो आणि चाळीस वर्षांत प्रथमच माझे दोन्ही पाय सारख्या लांबीचे झाले. त्या रात्री मी ११ हजारांचा हिशेब सौ.ला तीनदा ऐकवला. त्यातला वाचवलेल्या ३ हजारांचा भाग चारदा.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री दारात उभे! सांगलीहून पहाटेच्या एस. टी.ने सव्वाशे किलोमीटर आलेले, खांद्यावर पोत्यात काहीतरी गुंडाळलेले. मी त्यांना बसवले, चहा सांगितला.

"सायकल चालवताय?"

"रोज."

"कुठला घाट उतरला का?"

"अजून नाही. येत्या रविवारी यवतेश्वरला जायचा बेत आहे."

सौ.ने पुढे केलेली कपबशी त्यांनी तशीच खाली ठेवली. "आधी चिमटा बदलतो, वहिनी. मग च्या."

पोत्यातून त्यांनी नवा चिमटा काढला. चिमटा म्हणजे ज्यात पुढचे चाक बसते आणि ज्याच्यावर हँडल उभे असते तो भाग. चाक सुटले तर माणूस कडेला पडतो. चिमटा मोडला तर तोंडावर. अर्ध्या तासात नवा चिमटा बसला. मग त्यांनी जुना घेतला, आमच्या पायरीवर टेकवला आणि उभी नळी दोन पायांना मिळते तिथे करवतीने उभा चिरून माझ्या हाती दिला.

हा सांधा कसा धरतो ते त्यांनीच मला सांगितले. नळी नळीत बसते तेव्हा मध्ये केसाएवढी फट राहते. टाकणखार लावून सांधा सगळीकडून सारखा तापवला की वितळलेले पितळ त्या फटीत आपोआप ओढले जाते. ज्या बाजूला ताप कमी पडेल त्या बाजूला पितळ जात नाही; नुसते तोंडाशी थबकते. बाहेरून दोन्ही सांधे सारखेच पिवळे दिसतात. माझ्या चिमट्यात पितळ निम्म्यापर्यंत पोचले होते. उरलेल्या निम्म्यात टाकणखाराची काळी राख होती.

"रात्रीचे साडेअकरा झालते," मिस्त्री म्हणाले. "ग्यास संपत आलता. ज्वाळ पिवळी पडली. पितळ आत गेलं न्हाई हे हाताला कळलं. पण सकाळी टेम्पो येणार. वरून रंग मारला. वरून कुणाला दिसत न्हवतं, गुर्जी. मला डोळं मिटलं की दिसायचं."

मी म्हणालो, "मिस्त्री, कदाचित तो दहा वर्षे टिकला असता."

"टिकला असता. आन् धाव्या वर्षी त्याच्यावर कोण बसलं असतं?"

नात तेव्हा कॅरियरवर बसून दसऱ्याची सुकलेली माळ ओढत होती.

ते गेल्यावर पहिले दोन दिवस मी भेटेल त्याला ही गोष्ट सांगत होतो. असा प्रामाणिक माणूस आजच्या काळात कुठे मिळतो, वगैरे. ऐकणारेही माना डोलवत. दुसऱ्याच्या सचोटीचे कौतुक करण्याइतके स्वस्त पुण्य दुसरे नाही. त्यात आपल्याला काही सोडावे लागत नाही. तिसऱ्या दिवशी मात्र गोष्ट सांगता सांगता "रात्रीचे साडेअकरा" या शब्दांपाशी मी अडखळलो. ते साडेअकरा कोणाचे होते?

मी भावात ३ हजार वाचवले होते आणि मुदतीत तीन आठवडे. हे रुपये आणि हे दिवस आले कोठून? घासाघीस करताना आपली समजूत असते की, आपण समोरच्याचा नफा कमी करतो आहोत. पण ज्याच्या व्यवहारात नफा म्हणून काही उरतच नाही, त्याच्याकडून आपण काय काढून घेतो? त्याची झोप, दुसरे सिलिंडर आणण्याची ऐपत, आणि "हे राहू दे, उद्या उजेडात करू" असे म्हणण्याची सोय. माझ्या चिमट्यातली काळी जागा म्हणजे मी वाचवलेले ३ हजार रुपयेच होते, आणि मी त्यांच्यावर बसून पोवई नाक्यावर जात होतो.

दिवाळीत मुलीकडे गेलो तेव्हा मिस्त्रींना हे सांगितले आणि पाकीट पुढे केले. म्हणालो, चूक माझी होती. त्यांनी पाकीट परत माझ्या हातात ठेवले.

"दसरा तुम्ही मागितला हे खरं. पण 'बरं' मी म्हणालो न्हवं?"

त्या वेळी मला हे त्यांचे मोठेपण वाटले. आता वाटते, ते निव्वळ बरोबर बोलत होते. आपण दोषाचे वाटे पाडतो: चार आणे तुझे, बारा आणे माझे. पैशाचे असे वाटे पडतात, कारण एकाने जास्त घेतले की दुसऱ्याला कमी उरते. जबाबदारीचे तसे नाही. माझी घाई पूर्ण माझी होती, त्यांचे 'बरं' पूर्ण त्यांचे होते. मी माझा दोष घेतल्याने त्यांचा पैशाएवढाही कमी झाला नाही, आणि त्यांनी त्यांचा घेतल्याने माझा मिटला नाही. एका सांध्यात दोन माणसे अख्खीच्या अख्खी उत्तरदायी असू शकतात; हे गणित मी शाळेत कधी शिकवले नव्हते.

मिस्त्रींचा मुलगा एका कारखान्यात यंत्रावर काम करतो. पगार वेळेवर, रजा भरपगारी, रात्री साडेअकराला तो झोपलेला असतो. बापाने त्याला दुकानात ओढले नाही, आणि ते ठीकच केले. तो मला म्हणाला, "आमच्याकडे वाईट भाग पकडायला वेगळं खातं आहे. बाबांच्या दुकानात जेवढी चूक सुटते तेवढी आमच्याकडे सुटत नाही." हेही खरे आहे. मी त्याला विचारले, तू केलेला भाग कुठे जातो? तो म्हणाला, "ते मला कळत नाही." बापाच्या खिळ्यावर सुतळ्या आहेत, मुलाच्या हातून रोज शेकडो भाग जातात, आणि त्यांतला एकही त्याच्या झोपेत येत नाही. तिथे चूक पकडली जाते, पण कबूल करायला कोणी लागत नाही. कारखान्याने जबाबदारीचे इतके बारीक वाटे केले की, एकाच्या वाट्याला आलेला तुकडा रात्री टोचण्याइतका मोठाच राहिला नाही. सोय म्हणून हे उत्तम आहे. पण आपल्याला माणूस म्हणून त्याची सवय व्हावी का, एवढाच माझा प्रश्न आहे.

गांधीजींच्या चरखा संघाने १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. किर्लोस्करवाडीतही त्यासाठी एक चरखा तयार झाला; बक्षीस मात्र कोणालाच मिळाले नाही. त्या अटी वाचण्यासारख्या आहेत. चरखा हातानेच घडवलेला असावा, असे त्यांत नव्हते. तो दीडशे रुपयांच्या आत मिळावा, खेड्यातल्या झोपडीत चालावा आणि दुरुस्ती करत करत वीस वर्षे टिकावा, असे होते. वस्तू कशाने केली यापेक्षा ती बिघडल्यावर आपण कोणाच्या दारात जायचे, हा प्रश्न मोठा, असे मला त्या अटींमागे दिसते.

हाच प्रश्न अलीकडे आमच्या मुलखात पुन्हा उभा राहिला होता. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे. ते जन्मले तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून, सुमारे ६० हजार रुपयांत, लाथ मारून सुरू होणारी एक छोटी जीप आपल्या मुलासाठी केली. २०२१ च्या डिसेंबरात साऱ्या देशाने तिचे चित्र पाहिले. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी कौतुक केले. पण अशी गाडी नियमात बसत नसल्याने ती आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल, असेही म्हटले आणि बदली नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती दिली गेली. नियमाची बाजू मला मान्य आहे. अनोळखी माणसांच्या रस्त्यावर अनोळखी सांधे तपासलेलेच हवेत. पण एक तपासणी त्या जीपची आधीच झाली होती. ज्याने सांधे जोडले, त्याचेच पोर तिच्यात बसणार होते. सरकारी शिक्का याहून वेगळे काही विचारत नाही. तो फक्त हे विचारतो की, परक्याच्या पोरासाठीही तू असेच जोडले आहेस का? मिस्त्री पहाटेच्या एस. टी.त बसले, ते याच प्रश्नाचे उत्तर द्यायला.

आणि माझे उत्तर? ते अजून कच्चे आहे. ते ३ हजार रुपये माझ्याकडे तसेच आहेत. ते खर्चायला मन होत नाही आणि द्यायला जागा नाही. चिरलेला चिमटा माझ्या पुस्तकांच्या फळीवर आहे. घासाघीस मी सोडली, हे सांगायला सोपे. कारण पैसा सोडला की आपल्याला उदार झाल्यासारखे वाटते. घाई सोडणे जड जाते.

यंदाच नवरात्रात शिंप्याकडे नातीचा परकर टाकायला गेलो. तो म्हणाला, "दिवाळीला होणार नाही, गुरुजी. काम फार आहे. तुळशीच्या लग्नाला देतो." पूर्वीचा मी असतो तर त्याच्या दुकानात ठाण मांडून बसलो असतो आणि पाडव्याच्या आदल्या रात्री साडेअकराला परकर घेऊन आलो असतो. मी म्हणालो, "बरं."

घरी आल्यावर नात रुसली. तिचे बरोबर आहे. तत्त्व माझे आणि परकर तिचा. सौ.ने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुमचे हे तत्त्वज्ञान उत्तम आहे, पण पोरीला ते अंगावर घालता येत नाही."

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडे एक मुलगी गेल्या वर्षीचा परकर नेसून फराळाची ताटे फिरवत असेल. परकर थोडा आखूड झाला आहे. सव्वा इंचाने असेल.